रॉजर मूर यांचा खांदा

गोव्यात हेडलँड सड्यावर राहणाऱ्या आमच्या एका मित्राच्या घरी महिन्यातून एकदा आम्ही पाच-सहा जण जुने इंग्रजी चित्रपट पाहायला जमतो. गच्चीवरून मुरगाव बंदर दिसते. चित्रपट संपला की वहिनी चहा आणि मिरची भजी घेऊन येतात, बोलणे सुरू होते आणि ते बहुधा रात्री दहापर्यंत चालते. गेल्या शनिवारी आम्ही जेम्स बाँड म्हणून गाजलेले ब्रिटिश नट रॉजर मूर यांचा १९७० सालचा 'द मॅन हू हॉन्टेड हिमसेल्फ' पाहिला. त्यानंतरची चर्चा इतकी लांबली आणि इतकी मनाला लागली, की ती लिहून काढल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना.

वादाला सुरुवात चित्रपट लावण्यापूर्वीच झाली होती. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही ठाम मताचे आहेत. ते म्हणाले, "मूर देखणा होता, नट नव्हता. सात बाँडपट केले आणि सातांतही भुवई उचलली." माझी भाची चित्रपटांचा अभ्यास करते. ती लगेच म्हणाली, "काका, हे तर तो स्वतःच सांगायचा." तिचे म्हणणे खरे आहे. आपल्या अभिनयाची मजल एक भुवई वर, मग दुसरी भुवई वर एवढीच, अशी थट्टा मूर मुलाखतींमधून स्वतःच करीत. माझे मात्र या माणसाविषयी एकच म्हणणे आहे आणि ते मी कितीतरी वर्षे मनात बाळगून आहे. मूर यांनी आयुष्यभर स्वतःला कमी लेखले आणि आपण प्रेक्षकांनी त्यांचा शब्द जसाच्या तसा खरा मानला. त्यांच्या कामाविषयी मानला, संसाराविषयीही मानला. दुसऱ्या कोणत्याही नटाच्या बाबतीत आपण इतके आज्ञाधारक नसतो.

हे मत मी पुस्तके वाचून बनवलेले नाही, ते मला माझ्या वडिलांकडून मिळाले.

आमचे मूळ गाव अंत्रुज महालातले, म्हणजे फोंड्याकडचे, पण बाबांचे शिवणकामाचे दुकान वास्कोत होते. सत्तरच्या दशकात सफारीची लाट आली. नोकरदार, कंत्राटदार, लग्नाला उभा राहिलेला नवरामुलगा, ज्याला त्याला सफारी हवी असे. त्यांतले काही जण मासिकातले कापलेले चित्र घेऊन येत आणि ते चित्र अनेकदा रॉजर मूर यांचे असे. १९७४ सालच्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये त्यांनी फिकट रंगाचे सफारी जाकीट घातले आहे. तसे जाकीट बाबांनी किती शिवले याची मोजदाद नाही. शाळा सुटल्यावर मी दुकानात बसून काज-बटणाचे काम करीत असे, त्यामुळे बाबांची माप घेण्याची पद्धत मी अगदी जवळून पाहिली आहे. टेप अंगाला लागला की माणूस ताठतो, छाती पुढे काढतो, खांदे वर घेतो. त्या मापावर शिवलेला कपडा नंतर काखेत ओढतो. म्हणून बाबा टेप गळ्यात अडकवूनच ठेवीत आणि आधी पावसापाण्याच्या, जत्रेच्या, माशांच्या भावाच्या गोष्टी काढीत. बोलता बोलता गिऱ्हाइकाचा खांदा खाली आला, की टेप टाकून आकडा वहीत लिहून मोकळे होत.

ते मला पहिल्यांदा बाँडपट दाखवायला घेऊन गेले तेव्हा कथेकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. घरी परतताना ते जे म्हणाले ते कोकणीत होते, इथे मराठीत सांगतो. "हा माणूस धावून आला तरी खांदा खाली सोडून उभा राहतो. मारामारी झाली तरी बाही जागची हलत नाही. हे आपोआप होत नाही. हे कोणीतरी शिकवलेले असते, नाहीतर त्याने रोज आरशापुढे केलेले असते." बाबांना इंग्रजी येत नव्हते आणि मूर कोण हे ठाऊक नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचले, की उमेदवारीच्या काळात मूर लोकरी कपड्यांच्या जाहिरातींसाठी मॉडेलचे काम करीत आणि पोट भरण्यासाठी स्वेटर घालून तासन्‌तास उभे राहत. तेव्हा बाबा हयात नव्हते, पण त्यांचे निदान बरोबर ठरले होते.

शनिवारी चित्रपट सुरू होण्यापूर्वी मी हीच गोष्ट सर्वांना सांगितली आणि विनंती केली, की आज चेहऱ्याकडे नव्हे, खांद्याकडे बघा.

या चित्रपटात मूर यांनी हॅरल्ड पेलम नावाच्या एका शिस्तबद्ध, मिशाळ, वेळ पाळणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. गाडी चालवता चालवता हा सभ्य गृहस्थ एकाएकी बेफाम होतो आणि अपघात करतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याचे हृदय क्षणभर थांबते आणि पुन्हा चालू होते, तेव्हा यंत्राच्या पडद्यावर एकाऐवजी दोन ठोके उमटतात. पेलम बरा होऊन घरी येतो आणि मग लोक त्याला अशा ठिकाणी पाहिल्याचे सांगू लागतात, जिथे तो गेलेलाच नसतो. त्याच्यासारखाच दिसणारा कोणी दुसरा त्याच्या नावाने पैजा जिंकतो, व्यवहार ठरवतो, परस्त्रीशी संबंध ठेवतो. शेवटी ते दोघे एकाच खोलीत समोरासमोर येतात, आणि दोघेही मूरच आहेत. बेसिल डिअर्डन या दिग्दर्शकाचा हा अखेरचा चित्रपट, कारण पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. चित्रपट चालला नाही. परंतु अभिनय करण्याची खरी संधी आपल्याला इथे मिळाली, असे मूर पुढे अनेकदा सांगत. स्वतःच्या कामाविषयी त्यांनी काढलेल्या मोजक्या चांगल्या उद्गारांपैकी हा एक, आणि नेमका तोच कोणी लक्षात ठेवत नाही.

चित्रपट संपल्यावर बँकवाले काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे ठीक आहे, पण एवढे येत होते तर पुढे केले का नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर मूर यांचा आधीचा प्रवास पाहावा लागतो.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९२७ रोजी लंडनमधल्या स्टॉकवेल भागात झाला. वडील पोलीस शिपाई होते आणि आई लिली यांचा जन्म आपल्या कोलकात्यातला, ही गोष्ट भारतीय चाहत्यांनाही सहसा माहीत नसते. ते एकुलते एक होते. शाळा संपल्यावर ॲनिमेशनच्या एका स्टुडिओत उमेदवारीला लागले आणि एका चुकीपायी तिथून काढले गेले. त्याच सुमारास ब्रायन डेस्मंड हर्स्ट या दिग्दर्शकाच्या घरी चोरी झाली आणि तपासाला मूर यांचे वडील गेले. त्या ओळखीतून मुलाला चित्रपटात गर्दीतले काम मिळाले, आणि हर्स्ट यांनी त्याच्यात काहीतरी पाहून नाट्यशिक्षणासाठी लंडनच्या 'राडा' या नामांकित संस्थेत त्याची फी भरली. मग सैन्यातली सक्तीची नोकरी, त्यानंतर स्वेटरच्या जाहिराती. १९५४ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीशी करार झाला, पण ते चित्रपट चालले नाहीत आणि कंपनीने त्यांना सोडून दिले. त्यानंतर दूरचित्रवाणी आली. आधी 'आयव्हान्हो', मग अमेरिकेत 'मॅव्हरिक', आणि १९६२ ते १९६९ या काळात 'द सेंट' मालिकेचे तब्बल ११८ भाग. त्यांचा पहिला बाँडपट आला तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. ज्या माणसाला एकदा नालायक ठरवून घरी पाठवले गेले आहे, तो दुसऱ्याने बोलण्याआधी स्वतःच आपली थट्टा करायला शिकतो. मूर यांच्या विनोदाचे मूळ मला इथे दिसते.

आता 'केले का नाही' या प्रश्नाकडे येतो. मी वीस वर्षे गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांना प्रॉम्प्टिंग केले आहे. विंगेत कंदिलाजवळ संहिता धरून बसलेल्या माणसाला एक गोष्ट पुरती कळते. जो नट आवाज चढवतो, डोळे गरगरवतो, त्याला टाळी मिळते, आणि जो सहज आत येतो, उपरणे सावरतो, दोन वाक्ये बोलून बसतो, त्याच्याविषयी लोक म्हणतात की हा तर घरी बोलतो तसाच बोलला, यात काय विशेष? आमच्या गावात असे एक राजापार्ट करणारे गृहस्थ होते. त्या सहज दोन वाक्यांसाठी ते महिनाभर रोज रात्री तालमीला सर्वांच्या आधी येऊन रंगमंचावर नुसते चालत. त्यांना कधी बक्षीस मिळाल्याचे मला आठवत नाही. मूर यांचेही तसेच झाले. बाँडपटांतली त्यांची सहजता ही त्यांनी घडवलेली वस्तू होती आणि ती इतकी बेमालूम होती, की पाहणाऱ्याला ती निसर्गदत्त वाटली.

याला एक पुरावा आमच्या तारवटी मित्राने दिला. हा गृहस्थ तीस वर्षे बोटींवर होता आणि सगळे बाँडपट त्याने जगभरच्या बंदरांत पाहिले आहेत. तो म्हणाला, "बारकाईने बघा, गोळी झाडताना त्याचे डोळे मिटतात." कारण मूर यांना बंदुकीची मनापासून भीती वाटत असे. लहानपणी मित्राच्या छऱ्याच्या बंदुकीने त्यांच्या पायाला इजा झाली होती आणि ती धास्ती कधी गेली नाही. १९७३ मधला 'लिव्ह अँड लेट डाय' ते १९८५ मधला 'अ व्ह्यू टू अ किल' अशी बारा वर्षे हा माणूस जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पिस्तूलवाल्याची भूमिका करीत होता आणि ती भीती प्रेक्षकांना दिसू देत नव्हता. शेवटच्या चित्रपटाच्या वेळी त्यांचे वय ५७ होते, आणि तो एक चित्रपट त्यांनी करायला नको होता, हे त्यांचा चाहता म्हणूनही मी मान्य करतो. तिथे बाबांचा तो खांदाही थकलेला दिसतो.

चहाचा दुसरा फेरा झाल्यावर बोलणे खाजगी आयुष्याकडे वळले. ते वळणारच होते, कारण मूर यांची चार लग्ने झाली आणि चार लग्ने म्हटली की आपल्याकडे लोक खुर्ची पुढे ओढतात.

पहिले लग्न १९४६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डोर्न व्हॅन स्टेन यांच्याशी झाले आणि १९५३ मध्ये मोडले. त्याच वर्षी त्यांनी डॉरथी स्क्वायर्स या वेल्श गायिकेशी लग्न केले. त्या मूर यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या होत्या, आणि त्या वेळी नाव होते ते त्यांचे, मूर यांना कोणी ओळखत नव्हते. १९६१ मध्ये इटलीत एका चित्रपटाच्या वेळी मूर यांची लुईझा मॅत्तिओली या अभिनेत्रीशी भेट झाली आणि त्यांनी घर सोडले. डॉरथींनी १९६८ पर्यंत घटस्फोट दिला नाही, त्यामुळे मूर आणि लुईझा यांचे लग्न १९६९ मध्ये झाले, तोवर त्यांना दोन मुले झाली होती. तिसरे मूल १९७३ मध्ये झाले. १९९३ मध्ये मूर यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि त्याच वर्षी ते लुईझांपासून वेगळे झाले. २००२ मध्ये त्यांनी क्रिस्टिना थोलस्ट्रप यांच्याशी लग्न केले आणि ते शेवटपर्यंत टिकले.

बँकवाले काका म्हणाले, "म्हणजे प्रत्येक वेळी एकीला सोडले ते दुसरी मिळाल्यावर. शिवाय कर चुकवायला १९७८ मध्ये देशही सोडला." कराच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये मिळकतीवरच्या कराचा वरचा दर ८३ टक्के होता आणि अनेक कलावंत देश सोडून गेले, मूर त्यांपैकी एक. पण स्त्रियांविषयीचा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. डॉरथींनी ज्या काळात त्यांना आधार दिला, स्वतःच्या वर्तुळात नेले, त्या काळानंतर मूर वर चढत गेले आणि डॉरथी उतरणीला लागल्या. पुढे त्यांचे दिवाळे निघाले, घर गेले. या स्त्रीचे दुःख मूर यांच्या चाहत्यांनी कधी नीट ऐकून घेतलेले नाही आणि आपण चाहते म्हणवून घेतो तर तेवढे ऐकणे आपल्याला जमले पाहिजे. लुईझांचेही तसेच. तीस वर्षांहून अधिक साथ, तीन मुले, आणि शेवटी नवरा निघून जातो, हे दुःख दुसऱ्या कोणाच्या देखणेपणाने कमी होत नाही.

मग भाचीने दुसरी बाजू सांगितली. २०१२ साली एका दूरचित्रवाणी मुलाखतीत मूर यांनी सांगितले होते, की पहिल्या दोन्ही लग्नांत पत्नींनी त्यांच्यावर हात उचलला होता. डॉरथींनी एकदा गिटार डोक्यात घातल्याचा प्रसंगही त्यांनीच सांगितलेला. हे ऐकून आमच्यातले दोघे जण मोठ्याने हसले. जेम्स बाँडला बायको मारते, या कल्पनेचेच त्यांना हसू आले असावे.

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना आम्ही सगळे सिस्टर म्हणतो. त्या सहसा शेवटी बोलतात. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "यात हसण्यासारखे काय आहे? मी वॉर्डात असे पुरुष पाहिले आहेत. कपाळाला टाके घालायचे असतात आणि विचारले की सांगतात, जिन्यावरून पडलो. बरोबर आलेली माणसे बाहेर उभी राहून हसत असतात. तो माणूसही मग हसतो, कारण दुसरे काही करायला त्याला जागाच ठेवलेली नसते." गच्चीवर कोणी काही बोलले नाही. हसलेल्यांपैकी एकाने मान खाली घालून, "चुकलं, सिस्टर," एवढेच म्हटले.

सिस्टरांच्या त्या वाक्याने मला जे नीट सांगता येत नव्हते ते सांगून टाकले. मूर यांनी हे प्रसंग गमतीच्या सुरात सांगितले म्हणून ते गमतीचे झाले नाहीत. अभिनयाविषयी आपण जी चूक केली तीच इथेही केली. ते हसत बोलले आणि आपण मागे काय आहे ते पाहिलेच नाही. डॉरथींविषयी बोलताना मूर यांच्या सुरात मी कधी सूड ऐकला नाही. १९९६ मध्ये त्या कर्करोगाने आजारी पडल्या तेव्हा रुग्णालयाचा खर्च मूर यांनी उचलला. १९९८ मध्ये त्या गेल्या. ज्या स्त्रीला आपण सोडले आणि जिने आपल्याला मारले, तिच्या उपचाराचे पैसे तीस-पस्तीस वर्षांनी भरणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा निकाल गच्चीवर बसून देता येणार नाही. पण तो माणूस केवळ एक भुवई होता असे तरी कोणी म्हणू नये.

बोलता बोलता मला २००३ मधली एक घटना आठवली. मूर तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर एका विनोदी नाटकात पाहुणा कलाकार म्हणून काम करीत होते. प्रयोग चालू असताना ते रंगमंचावर कोसळले. थोड्या विश्रांतीनंतर उठले, प्रयोग पुरा केला आणि मग रुग्णालयात गेले, तिथे त्यांना पेसमेकर बसवावा लागला. गोव्यात ज्याने जत्रेच्या रात्री अंगात ताप असताना तोंडाला रंग लावलेला नट पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मूर यांनी थट्टा केली नाही असा एक विषय होता, तो म्हणजे मुलांसाठीचे काम. १९८२ मध्ये 'ऑक्टोपसी'च्या चित्रीकरणासाठी ते उदयपूरला आले होते. पिछोला तलावातल्या महालात चित्रीकरण होते आणि बाहेर रस्त्यावर जे दारिद्र्य त्यांनी पाहिले, ते मनातून गेले नाही असे ते सांगत. पुढे अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांनी त्यांना युनिसेफ या मुलांसाठीच्या जागतिक संस्थेच्या कामाकडे वळवले आणि १९९१ मध्ये ते सदिच्छादूत झाले. त्यांनी विशेष लक्ष घातले ते आयोडीनच्या कमतरतेच्या प्रश्नात. आयोडीन पोटात गेले नाही तर गळ्याला गलगंड होतो हे बहुतेकांना माहीत असते, पण गरोदर आईला ते कमी पडले तर मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि हे टाळायला मिठात चिमूटभर आयोडीन घालणे पुरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सिस्टरांनी इथे पुन्हा तोंड उघडले. आपल्या मिठागरांतले गावठी मीठ चवीला चांगले, पण त्यात आयोडीन घातलेले नसते, म्हणून गरोदर बायकांना पाकिटातले मीठ वापरा असे सांगत आपण दारोदार फिरलो आणि सासवांची बोलणी खाल्ली, हे त्यांनी सांगितले. सड्यावर बसून जेम्स बाँडच्या गप्पा मारताना मिठापर्यंत पोहोचू असे मला वाटले नव्हते. पण ज्या आयुष्याविषयी आम्ही बोलत होतो, त्याचा मोठा भाग तोच होता. २००३ मध्ये मूर यांना 'सर' हा किताब मिळाला तो याच कामासाठी. अभिनयासाठी मिळाला असता तर इतका आनंद झाला नसता, असे ते म्हणत. त्यांच्या या म्हणण्यावर मात्र विश्वास ठेवावा असे मला वाटते.

शेवटी विषय आला तो आमच्या बंदराचा, आणि तो न निघता तर नवल. ९ मार्च १९४३ च्या रात्री, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ असताना, कोलकात्याच्या 'कलकत्ता लाइट हॉर्स' आणि 'कलकत्ता स्कॉटिश' या हौशी पलटणींतले मध्यमवयीन, काही तर पोट सुटलेले इंग्रज एका जुनाट बार्जमधून मुरगाव बंदरात शिरले. 'एहरेनफेल्स' हे जर्मन जहाज तिथे आश्रयाला होते आणि त्यावरचे गुप्त प्रक्षेपण यंत्र दोस्तांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना पुरवीत होते. त्या रात्री ते जहाज बुडाले आणि ते पाहून शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांनीही आपापली जहाजे बुडवली. तीस वर्षांहून अधिक काळ ही मोहीम गुप्त होती. तिच्यावर १९८० मध्ये आलेल्या 'द सी वुल्व्हज' या चित्रपटाचे चित्रीकरण गोव्यात झाले. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, ट्रेव्हर हॉवर्ड आणि रॉजर मूर असे सगळे दिग्गज तेव्हा इथे होते. मूर यांच्याशी हात मिळवल्याचे सांगणारा एखादा तरी काका वास्कोतल्या पुष्कळ घरांत आहे. बाबांनी तसे कधी म्हटले नाही. पण त्या दिवसांत त्यांनी दुकानाची दारे रोजच्यापेक्षा तासभर उशिरा बंद केली होती, हे मला आठवते. का, ते मी तेव्हा विचारले नाही.

मला या चित्रपटात एक गोष्ट नेहमी हलवून जाते. कोलकात्याच्या त्या पलटणीच्या गोष्टीत मूर काम करीत होते आणि त्यांच्या आईचे जन्मगावही कोलकाताच होते. त्यांना हे कोणी विचारले असेल का, आणि विचारले असेल तर त्यांनी त्याचाही विनोद केला असेल का, हा विचार मनात येतो.

२३ मे २०१७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी मूर गेले. त्या रात्री मी बाबांची मापाची वही काढून बसलो होतो. त्यात गिऱ्हाइकांची नावे आहेत, छाती, कंबर, बाही, आणि प्रत्येक नावापुढे खांद्याचा आकडा, त्याखाली बाबांची पेन्सिलीची रेघ.

हे सांगून झाले तेव्हा दहा वाजून गेले होते. खाली बंदरावर दिवे लागलेले होते आणि नदीच्या मुखाशी एक बार्ज संथपणे आत येत होती. आम्ही उठायच्या तयारीत होतो, पण बँकवाल्या काकांनी रिमोट हातात घेतला आणि दोन पेलम समोरासमोर येतात तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. चित्र थांबवून ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, चश्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"सर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्याचा खांदा सैल आहे, तो दुसरा."